हॉलमधला प्रोजेक्टर, आणि आधी कुठला पडदा घ्यायचा

प्रोजेक्टरच्या खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात ९००० ल्युमेन (म्हणजे तो किती उजेड फेकतो त्याचं माप) छापलेलं होतं आणि मी ते वाचून भुललो. आयपीएल चालू होती, रविवार, साडेतीनची मॅच. आमचं घर बेळगावात टिळकवाडीत, हॉलला पश्चिमेकडं सहा फुटी खिडकी, दुपारनंतर ऊन आत येऊन पार दिवाणाच्या पायापर्यंत लोळतं. चुलतभाऊ खानापुरातनं खास येऊन बसलेला, मुलीनं चिरमुऱ्यांचा डबा मांडीवर घेतलेला. टेबलावर ठेवला, केबल लावली, चालू केला, आणि समोरच्या भिंतीवर काहीतरी हललं. बॉल नाही, बॅट नाही, हिरवट असं काहीतरी. आई कोपऱ्यात मेथी निवडत होती, तिनं चष्मा वर करून भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "चालू झाला काय रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे पुढचे पाचसहा महिने गेले. ते सगळं इथं लिहून टाकतो, कारण आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच की हॉलसाठी कुठला प्रोजेक्टर घेऊ, आणि मग सगळे मॉडेलची नावं सांगत सुटतात, खिडकी किती मोठी आहे हे एकजण विचारत नाही.

बाबा सांगायचे की त्यांच्या काळात चित्रा किंवा प्रकाश टॉकीजला मॅटिनी बघताना मध्येच कुणीतरी दार ढकलून आत यायचा, बाहेरचा उजेड थेट पडद्यावर, हिरो हिरोईन गायब, आणि अख्खं थिएटर एका सुरात ओरडायचं, दार झाक बे! माझ्या डोक्यात ही गोष्ट लहानपणापासून होती तरी पैसे घालवेपर्यंत तिचा अर्थ लागला नाही. थिएटरमधलं मशीन आमच्या खोक्याच्या कितीतरी पट ताकदीचं, त्याचं चित्र जर एका दाराच्या फटीनं पुसलं जातं, तर माझ्या सहा फुटी खिडकीसमोर ह्या डबीची काय कथा.

झालंय काय की प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही. टीव्हीला काळं दाखवायचं असेल तर तो तेवढा भाग बंद करतो किंवा झाकतो, प्रोजेक्टर मात्र फक्त उजेड टाकतो, आणि जिथं काळं पाहिजे तिथं उजेड टाकायचा नाही एवढंच त्याच्या हातात असतं. मग तिथं काय दिसतं? तुमची भिंत, जशी आहे तशी. म्हणून प्रोजेक्टर घ्यायच्या आधी एक बिनपैशाची टेस्ट करा, ज्या वेळेला तुम्ही बघणार आहात त्या वेळेला हॉलमध्ये बसा आणि रिकाम्या भिंतीकडं बघा. ती भिंत जेवढी पांढरी दिसते, तेवढा पांढरा तुमचा काळा रंग असणार. आमची दुपारची भिंत इतकी लख्ख होती की तिच्यावर पंचांग वाचता आलं असतं.

आता ते ९०००. ह्यात एक गोम आहे ती अशी की ल्युमेन नुसता छापला तर त्याला काही अर्थ नसतो, अँसी ल्युमेन किंवा आयएसओ ल्युमेन असं लिहिलेलं पाहिजे. अँसीची पद्धत म्हणजे पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाच्या मधोमध उजेड मोजायचा आणि सरासरी काढायची, त्यात फसवाफसवीला जागा कमी. स्वस्त डब्यांवर जो आकडा असतो तो बहुतेक आतल्या दिव्याचा किंवा मार्केटिंगवाल्याच्या मनातला.

मी घरीच मोजलं. मोबाईलमध्ये लक्स मीटरचं ॲप टाकलं (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात ते; अगदी लॅबसारखं नाही येत पण तुलना करायला पुरतं), रात्री सगळे दिवे घालवले, प्रोजेक्टरवर कोरी पांढरी स्क्रीन लावली, आणि मोबाईलची पाठ भिंतीला टेकवून सेन्सर प्रोजेक्टरकडं करून नऊ ठिकाणी आकडे घेतले. आई दारातनं बघत होती, "काय करूलास रे तिथं भिंतीला मोबाईल चिकटवून?" सरासरी आली ७३ लक्स. १०० इंची चित्र म्हणजे २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२४ उंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. ७३ गुणिले २.७५, म्हणजे २००. नऊ हजार म्हणून आणलेलं मशीन दोनशेचं निघालं, आणि परत करायची मुदत संपून आठ दिवस झालेले.

मग तोच मोबाईल घेऊन खोलीचा उजेड मोजला, प्रोजेक्टर बंद ठेवून, भिंतीवर जिथं चित्र येतं तिथं. दुपारी साडेतीनला खिडकी उघडी: १८०. संध्याकाळी खिडकी बंद, ट्यूब चालू: ७०. रात्री सगळं बंद केलं की ॲप शून्य दाखवायचं. आता गणित सोपं आहे, पांढरं म्हणजे प्रोजेक्टरचा उजेड अधिक खोलीचा उजेड, काळं म्हणजे नुसता खोलीचा उजेड. ट्यूबखाली माझं पांढरं १४३ आणि काळं ७०, जेमतेम दुप्पट. दुपारी २५३ भागिले १८०, दीडपटसुद्धा नाही. आईला काही दिसलं नाही ह्यात आईच्या डोळ्यांची काही चूक नव्हती.

किती पट पाहिजे ह्याचंही एक माप आहे बरं का. इन्फोकॉम नावाची (आता अविक्सा म्हणतात) अमेरिकेतली ऑडिओ व्हिडिओवाल्यांची संघटना आहे, त्यांनी २०११ मध्ये एक स्टँडर्ड काढलं, त्यात नुसतं समोर चाललेलं बघायचं असेल तर ७ पट, साधं प्रेझेंटेशन वाचून काही ठरवायचं असेल तर १५ पट, बारीक तपशील अभ्यासायचा असेल तर ५० पट, आणि सिनेमासारखा हलता व्हिडिओ असेल तर ८० पट धरलेत. हे ऑफिस आणि हॉलसाठीचं आहे, घरात ८० चा हट्ट धरायची गरज नाही असं माझं मत, क्रिकेटला १५-२० पट असलं की लोक तक्रार करत नाहीत, मैदान हिरवंगार आणि कपडे रंगीत, काळं असतंच किती. पण रात्रीचे सीन असलेली वेब सिरीज लावा, २० पटीला सगळे नट धुक्यात फिरतात, चोर्ला घाटात जुलैला गाडी चालवल्यासारखं.

मग मित्राच्या क्लासमधला प्रोजेक्टर दोन दिवस मागून आणला, ३६०० ल्युमेनचा थ्रीएलसीडी (लाल, हिरव्या, निळ्या रंगाला वेगवेगळी एलसीडी काच असलेला), दिव्यावर चालणारा. ह्यातही शिकायला मिळालं. ते ३६०० फक्त सगळ्यात भडक मोडमध्ये, जिथं माणसं काविळीसारखी हिरवी-पिवळी दिसतात, सिनेमा मोडला घातलं की माझ्या मोजणीत साधारण २४०० आले. म्हणजे १०० इंचावर ८७० लक्सच्या आसपास. ट्यूबखाली साडेतेरा पट, दुपारी पावणेसहा पट. बघण्यासारखं झालं होतं, पण पैसे मोजून घ्यावं असं नव्हतं. डीएलपीवाल्या (एका चिपवरच्या बारीक आरशांनी चित्र काढणाऱ्या) सिंगल चिप मशीनमध्ये अजून एक भानगड असते, त्यातल्या काहींच्या कलर व्हीलला, म्हणजे फिरत्या रंगीत चकतीला, पांढरा भाग जोडलेला असतो त्यामुळं पांढरं झगझगीत आणि लाल-निळं मात्र मवाळ पडतं, उजेडाच्या खोलीत ते जास्त जाणवतं. शिवाय काही लोकांना त्यात नजर फिरवताना इंद्रधनुष्यासारखे तुकडे दिसतात. माझ्या बायकोला दिसतात, मला नाही, त्यामुळं घरात डीएलपी येणार नाही हे तिथंच ठरलं.

इथं मी एक आकडेमोड केली आणि माझा सगळा बेत फिरला. दुपारी १८० लक्समध्ये ५० पट पाहिजे असेल तर पडद्यावर ८८२० लक्स पाडावे लागतील, म्हणजे १०० इंचासाठी २४ हजार ल्युमेन. एवढं मशीन आणलं तर हॉलमध्ये ते आणि आम्ही दोघं मावणार नाही. उलट खोलीचा उजेड १८० वरून २० वर आणला तर मागून आणलेल्या त्याच मशीनमध्ये ४५ पट मिळतात. आमच्या मराठीत कापडालाही पडदा आणि स्क्रीनलाही पडदा, मी महिनाभर चुकीच्या पडद्याचे रिव्ह्यू वाचत बसलो होतो.

खडेबाजारात पडद्याच्या कापडाच्या दुकानात गेलो. ब्लॅकआऊट म्हणून तीन प्रकार दाखवले, मी मोबाईलचा टॉर्च मागून लावून बघितला, दोनांतनं गोल दिसला, एकातनं दिसला नाही, तोच घेतला. मागं रबरासारखा थर असलेला. शिवणाऱ्याला मी सांगितलं खिडकीपेक्षा दोन्ही बाजूला फूटभर जास्त ठेव आणि खाली जमिनीला टेकू दे, तो म्हणाला एवढं कशाला वाया घालवता सर, आणि त्यानं आपल्या मनानं खाली चार इंच वर शिवला. पण खालची फट त्रासाची नव्हतीच! त्रासाची निघाली ती वरची फट, रॉड आणि भिंतीच्या मधली दोन इंच. त्यातनं ऊन वर छताला जातं, छत पांढरं, आणि छतावरनं परतून सगळ्या हॉलभर पसरतं. सगळं झाकूनसुद्धा मीटर ५५ दाखवत होतं. एका दुपारी स्टुलावर चढून ती फट जुन्या चादरीनं बुजवली आणि आकडा १२ वर आला, मी वरूनच ओरडलो. नंतर सुताराकडून पडद्याच्या वर लाकडी पेटी मारून घेतली. अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक ह्या पेटीनं पाडला.

मग राहिली ट्यूब. घरात पूर्ण अंधार करायचा नाही ही अट होती, आईला भाजी निवडायची असते, मुलगी तिथंच वह्या पसरून बसते, आणि दिवेलागणीला हॉलमध्ये अंधार ठेवायचा नाही हे तर ठरलेलंच. आमची ट्यूब कुठं, तर पडद्याच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर, म्हणजे ती सरळ पडद्यावरच उजेड टाकणार. २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण दोन हजार ल्युमेनची असते, म्हणजे मी एका बाजूनं दोन हजाराचा प्रोजेक्टर लावणार आणि शेजारूनच दोन हजाराची ट्यूब त्याला खोडणार. इलेक्ट्रिशियन आला, आमच्या गल्लीतलाच, बोलणं कानडीत. त्यानं दुपारी चाललेलं चित्र बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, "बेळकु भाळ ऐत्री सर, रात्री नोड्री." उजेड फार आहे, रात्री बघा. मी जे सहा महिन्यांत शिकलो ते ह्यानं अर्ध्या मिनिटात. समोरची ट्यूब काढून दिवाणाच्या वर एक खाली तोंड केलेला छोटा दिवा लावला, टोपीवाला, त्याचा उजेड आईच्या ताटात पडतो, पडद्यावर फार तर पाझरतो. दिवा चालू, पडदे ओढलेले: २० लक्स.

छताचा पुढचा भाग गडद रंगवावा असाही माझा विचार होता, कारण पडद्यावरचाच उजेड छताला लागून परत पडद्यावर येतो. आई म्हणाली, "काळं छत? सुतक हाय काय आपल्या घरात?" विषय बंद.

आता स्क्रीन. शेजारचे काका म्हणाले भिंतीला राखाडी रंग मार, काळं एकदम काळं दिसतं. स्टेशनरीच्या दुकानातनं राखाडी चार्ट पेपर आणला आणि चित्राच्या अर्ध्या भागावर चिकटवला. काळं खरंच गडद झालं, आणि पांढरंही त्याच प्रमाणात मळलं. बरोबरच आहे ना, साधा राखाडी रंग खोलीचा उजेडही कमी परतवतो आणि प्रोजेक्टरचाही तेवढाच कमी, दोघांचं गुणोत्तर आहे तिथंच. अंधाऱ्या खोलीत भिंती पांढऱ्या असतील तर थोडा उपयोग होतो, पण उजेडावरचं औषध म्हणून नाही.

खरं औषध म्हणजे एएलआर स्क्रीन, बाहेरचा उजेड टाळणारी. ती रंगानं नाही तर पृष्ठभागाच्या घडणीनं काम करते, कुठल्या दिशेनं आलेला उजेड कुठं पाठवायचा हे त्यात ठरलेलं असतं. मी तीन ठिकाणाहून वहीच्या पानाएवढे नमुने मागवले (मागा, बरेच जण कुरिअर खर्चात पाठवतात), आणि त्यातल्या एकावर मला खरी गंमत कळली. एक दुकानदार फोनवर अगदी खात्रीनं सांगत होता की आमची सीएलआर घ्या सर, छताचा उजेड कापते, एकदम बेस्ट. नमुना भिंतीला धरला, मागून आणलेला प्रोजेक्टर वर कपाटावर ठेवलेला, आणि चित्रात तेवढ्याच चौकोनात काळोख. मला वाटलं माल खराब. सहज तो तुकडा उलटा केला, वरची कड खाली, आणि तोच चौकोन भप्पकन उजळला! परत सुलटा, परत अंधार. मुलीला तर खेळच मिळाला. नखानं हळूच वरनं खाली ओढलं तर बारीक करवतीसारखे आडवे दाते हाताला लागतात, दात्याची खालची बाजू उजेड परतवणारी आणि वरची बाजू काळी. ही स्क्रीन अल्ट्रा शॉर्ट थ्रो मशीनसाठी असते, जे भिंतीला लागून खाली टेबलावर बसतं आणि खालून वर चित्र फेकतं. छताला टांगलेला प्रोजेक्टर तिच्या दृष्टीनं छतावरचा दिवाच, ती त्यालाच कापणार. त्या दुकानदाराचं ऐकून १०० इंची मागवली असती तर काय झालं असतं ह्याचा विचार करून आजही पोटात गोळा येतो.

छताच्या प्रोजेक्टरसाठीची एएलआर वेगळी, ती आरशासारखी वरून आलेला उजेड खाली बसलेल्यांकडं पाठवते. तोही नमुना लावला. समोरून एकदम झकास, काळं खरंच काळं. पण आमचा दिवाण बाजूला, खिडकीखाली, तिथं आईच्या जागी बसून बघितलं तर चित्र निम्मं झालं होतं, आणि फलंदाजाच्या पांढऱ्या पॅडवर बारीक चमचम. शिवाय ती समोरच्या भिंतीवरची ट्यूब असती तर ह्या स्क्रीननं तिचं काहीच केलं नसतं, जो उजेड प्रोजेक्टरच्याच दिशेनं येतो त्याला ती वेगळा ओळखणार कशी. आणि भाव विचारला तर स्क्रीन जवळजवळ प्रोजेक्टरएवढी. ज्यांना पडदे लावायचेच नाहीत, बसायची जागा समोरच आहे, खिशात दम आहे, त्यांनी अल्ट्रा शॉर्ट थ्रो लेझर आणि त्याचीच सीएलआर हा जोड जरूर घ्यावा, दुपारच्या हॉलसाठी माझ्या मते तोच एक प्रामाणिक पर्याय, नाहीतर सरळ मोठा टीव्ही. मी टीव्हीचाही विचार केला होता हे कबूल करतो.

आमच्याकडं अजून एक अडचण, त्या भिंतीवर आजोबांचा फोटो. तो हलवायचा नाही. म्हणजे फिक्स स्क्रीन नाहीच, वर गुंडाळणारी पाहिजे. म्हणून शेवटी घेतली साधी मॅट पांढरी, दोन्ही कडांना दोरीनं ताणलेली, कारण नुसत्या खाली ओढायच्या स्क्रीनला काही दिवसांनी लाटा पडतात आणि मैदानाची बाउंड्री वाकडी दिसते. आणि १०० ऐवजी ९० इंच. दहा इंच सोडले म्हणून जीव हळहळला, पण क्षेत्रफळ २.७५ वरून २.२३ वर येतं, तेवढाच उजेड कमी जागेत, जवळजवळ पाव पट जास्त लख्ख.

प्रोजेक्टर घेतला लेझरवाला थ्रीएलसीडी, ३६०० चा. दिव्याचा थोडा स्वस्त पडला असता, पण मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि दिव्याचं मशीन गरम असताना पंखा अचानक बंद पडणं त्या दिव्याला चांगलं नसतं. लेझरला कंपनी २० हजार तास सांगते, रोज तीन तास धरले तर अठरा वर्षं, तोवर मुलगी नोकरीला लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तो कमी झाल्यावर दिवाळीच्या आधी घेतला, तेवढाच सुताराचा खर्च निघाला.

बसवताना पंख्यानं दगा दिला. हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत कारण त्यांच्या हॉलमध्ये छताला पंखाच नसतो. आमचं छत दहा फूट, पंखा मधोमध नऊ फुटांवर, आणि ९० इंचासाठी मशीन पडद्यापासून दहा फुटांवर पाहिजे, म्हणजे पंख्याच्या मागं. छताला लावलं तर पाती झोत कापणार आणि चित्र फडफडणार. मग दोन फूट पाइप टाकून मशीन पंख्याच्या खाली आणलं. तिरपं झालेलं चित्र कीस्टोननं सरळ करता येतं पण त्यात चित्राचे पिक्सेल आणि उजेड दोन्ही वाया जातात, त्यामुळं लेन्स शिफ्ट (मशीन न हलवता चित्र वरखाली सरकवायची सोय) असलेलंच मशीन बघा, दोन पैसे जास्त गेले तरी.

सगळं लागल्यावर परत मोबाईल घेऊन मोजलं. पडद्यावर हजाराच्या आसपास, खोलीत २०. पन्नास पट. दुपारी, आईचा दिवा चालू ठेवून. खिडकीचे पडदे उघडे टाकले तर सहा-सात पट, तेव्हा बातम्या आणि गाणी चालतात, सिनेमा लावायचा नाही. पावसाळ्यात ढग भरून आले की उघड्या खिडकीलासुद्धा ४० लक्सच असतात, बेळगावच्या पावसाचा हा फायदा आजवर कुणी सांगितला नव्हता.

जुना ९००० वाला माळ्यावर आहे. कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, पण खोका मी ठेवून घेणार. आणि छतापासून मशीनपर्यंतची वायर अजून तशीच लोंबते, केसिंग पट्टी मारायची राहिलीय, इलेक्ट्रिशियन "नाळे बर्तिन्री" (उद्या येतो) म्हणून गेला त्याला आता तीन आठवडे झाले.